खाजनालगतच्या कलिंगडात नायट्रेटचा आकडा फुगतोय का? मदत हवी आहे

गोव्यात बार्देशात खाजनाच्या (बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीच्या) बांधालगतचं कलिंगड. सकाळी ८ ते १० मध्ये नुकतंच पूर्ण वाढलेलं पान खुडून, पातं टाकून, फक्त देठ लसूणदाबणीत पिळतो. खिशातला नायट्रेट मीटर १५० आणि २००० पीपीएमवर कॅलिब्रेट केलेला. रसात नायट्रेट भरपूर दिसतं, पण पानं फिकी आणि स्पॅड (पानाच्या हिरवेपणाचा मीटरवरचा आकडा) कमी, म्हणजे नत्र कमी असल्यासारखं. (मीटरचा आकडा नायट्रेटचाच आहे, त्यातल्या नायट्रोजनसाठी तो वेगळा ४.४३ ने भागलाय, तो घोळ नको.)

संशय क्लोराइडवर: नायट्रेटचा इलेक्ट्रोड त्यालाही प्रतिसाद देतो, आणि खारं पाणी झिरपलं की रसात ते वाढणारच. सिल्व्हर सल्फेटने क्लोराइड खाली बसवता येतं, पण रस मोजून चार थेंब! इतक्या रसाला किती द्रावण घालावं? की सरळ ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ करून ज्ञात नायट्रेट मिसळून तपासावं? नुसतं पातळ केल्याने क्लोराइड-नायट्रेटचं गुणोत्तर तेच राहतं, म्हणून विचारतोय.