दुसरा पंप घ्यावा की दुसरा कॉम्प्रेसर?

पिंपळगावकर: पिंपळगाव बसवंतला आमचं द्राक्षांचं छोटं कोल्ड स्टोरेज आहे. कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप, कूलिंग टॉवरचा पंखा. एक बंद पडलं की सगळं ठप्प. हंगामभर न बिघडता चालण्याची शक्यता अनुक्रमे ०.९०, ०.८० आणि ०.९५ धरली आहे. थोरले बंधू म्हणतात, कॉम्प्रेसर म्हणजे जीव, तोच दुसरा घ्या. मला पटत नाही.

सातपूरचा मेंटेनन्सवाला: बंधूंना गुणाकार दाखवा. आज तिन्ही मिळून ०.६८४. दुसरा कॉम्प्रेसर जोडला तर ०.७५२, दुसरा पंप जोडला तर ०.८२१, तोही कितीतरी कमी पैशात. महाग वस्तू म्हणजे नाजूक वस्तू, हा गैरसमज आमच्या एमआयडीसीतही भरपूर आहे. पंपानंतर पैसे उरले तर मग कॉम्प्रेसर.

पण हे आकडे दोन्ही पंप स्वतंत्रपणे बिघडतात असं धरून आहेत. एकाच स्टार्टरवर दोन्ही चढवले तर स्टार्टर जळाला की दोन्ही गेले. शिवाय राखीव पंप नुसता उभा ठेवला तर ऐन मार्चात जाम निघेल. आलटून पालटून चालवा.

दिंडोरीवाली: दोन अख्खे प्लांटच बसवले तर?

सातपूरचा मेंटेनन्सवाला: ताई, ते ०.९०० वर थांबतं. तेच सुटे भाग जागच्या जागी दुहेरी जोडले तर ०.९४८, कारण इकडचा पंप तिकडच्या कॉम्प्रेसरला चालतो. फक्त व्हॉल्व्ह आणि पाइप तसे जोडून घ्यावे लागतात.

पिंपळगावकर: स्टार्टर एकच आहे दादा. आधी वायरमनला बोलावतो.