जांबोटी-खानापूर भागात नाशपातीची बाग उभी राहील का?

तांबडी_माती: नमस्कार. जांबोटी रस्त्याला एक एकर तांबडी जमीन आहे, त्यात जुने काजू. अमेरिकेतल्या हूड रिव्हर खोऱ्याबद्दल वाचलं, तिथं सगळा भाग नाशपातीवर उभा आहे. आपल्याकडेही थंडी पडते, पाऊस तर भरपूर. नर्सरीवाला म्हणतोय, बबुगोशा (मऊ गराची नाशपाती) इथं येतंय, तिसऱ्या वर्षी फळ. काजू काढून 60 रोपं लावायचा विचार आहे. खड्डा, अंतर आणि जात सांगा.

अथणी_द्राक्षबाग: काका, खड्ड्याच्या आधी थंडीचा हिशेब घाला. नाशपाती हिवाळ्यात पानं गाळून झोपते. 7 अंशांच्या खालचे तास पुरे झाल्याशिवाय ती झोप मोडत नाही. बार्टलेट जातीला असे साधारण 800 तास लागतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 13-14 च्या आसपास असतो आणि दुपारी ऊन तापतं. आपल्याला हुडहुडी भरते, पण झाडाच्या हिशेबात ते तास धरलेच जात नाहीत.

थंडी कमी पडली म्हणून झाड मरत नाही, आणि फसगत नेमकी तिथंच होते. पानं अर्धवट गळतात, शेंड्याचे डोळे फुटतात, बाजूचे तसेच राहतात. फूल आलंच तर दोन-दोन महिने तुरळक येत राहतं. नाशपातीला बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचा पराग लागतो. दोन्ही जाती एका वेळी फुलल्या नाहीत तर फळ धरत नाही. त्यात तिच्या मधात साखर कमी, मधमाशी पटकन वळत नाही. झाड हिरवंगार दिसतं म्हणून माणूस वर्षानुवर्षं वाट बघत बसतो.

कमी थंडीत येणारी जात म्हणजे पत्थरनाख. पंजाबात तीच जास्त लावतात. तिलाही 150 तासांच्या आसपास लागतातच, आणि तिथल्या मैदानातली हिवाळी रात्र 4-5 अंशांवर उतरते. दक्षिणेत नाशपाती दिसते ती कोटागिरी, कोडाईकनालसारख्या उंच डोंगरांत. जांबोटीला ती उंची नाही.

तांबडी_माती: मग द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात (डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावतात), तसं केलं तर?

अथणी_द्राक्षबाग: द्राक्षाला मुळातच थंडी फार कमी लागते, म्हणून तिथं डोळे एकसारखे फुटतात. नाशपातीत ते औषध थोडी उणीव भरून काढेल, 800 तासांची नाही. शिवाय विषारी आहे. हातमोजे, चष्मा हवाच, आणि वापरायच्या आधी-नंतर दारू अजिबात चालत नाही, जिवावर बेततं.

फळअडत_बेळगाव: हूड रिव्हरचं एक लक्षात घ्या. तो भाग आधी सफरचंदाचा होता. 1919 च्या कडाक्याच्या थंडीत बरीच सफरचंदाची झाडं मेली, तेव्हा शेतकरी थंडीला जास्त टिकणाऱ्या नाशपातीकडे वळले. आज अमेरिकेतली बहुतेक नाशपाती वॉशिंग्टन आणि ओरेगन या दोन राज्यांतून येते. त्यामागं बागेइतकाच तोडणीनंतरच्या कामाचा वाटा आहे.

ही नाशपाती झाडावर पिकू देत नाहीत. झाडावर पिकली तर आतून आधी मऊ पडते, गाभा तपकिरी होतो आणि साल मात्र चांगली दिसते. म्हणून गर किती दाबाला दबतो ते मोजून कडकच तोडतात; बार्टलेटला तो 17 ते 19 पौंडांच्या आसपास धरतात. मग उणे 1 ते 0 अंशाला शीतगृहात. आंजू जातीला पिकण्याआधी सुमारे दोन महिने थंडी द्यावी लागते, नाहीतर ती नीट पिकतच नाही. बागेजवळ पॅकहाऊस आणि शीतगृह नसेल तर सगळं पीक एकाच आठवड्यात विकावं लागेल, आणि भाव पडणारच.

दुकानदारांसाठी एवढंच: कडक माल 18-20 अंशांत ठेवा, देठाजवळ अंगठ्यानं हलकं दाबा, तिथं दबलं की विकायला तयार. पोट दाबून बघू नका. फळ पिकवायला कार्बाइड वापरायला कायद्यानं बंदी आहे, ते टाळाच.

काजू_कलम: ज्या पिकाचं हवामान आणि पुढची सोय दोन्ही इथं आहे ते तुमच्या शिवारात आधीच उभं आहे, दादा. शेजारच्या चंदगडमध्ये काजू प्रक्रियेचे कारखाने आहेत. जुनी झाडं सरसकट काढू नका. मोकळ्या जागेत वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 ची कलमं 7 बाय 7 मीटरवर लावा. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या आणि जोडाखालचे फुटवे काढत राहा.

पालवी आणि मोहोरावर ढेकण्या (रस शोषणारा कीटक) बसतो, शेंडे काळे पडून वाळतात. फवारणी पालवी फुटताना, मोहोर येताना आणि फळ धरताना, अशी वेळेवर हवी. त्याहून घातक रोठा, म्हणजे खोड पोखरणारी अळी. बुंध्याजवळ भुसा आणि डिंक दिसला की साल तासून अळी काढा. पानं पिवळी पडेपर्यंत थांबलात तर झाड हातचं गेलं.

नाशपातीची हौस असेलच तर पत्थरनाखची दोन आणि दुसऱ्या कमी थंडीच्या जातीची दोन रोपं बांधाला लावा, कैंथ (जंगली नाशपाती) खुंटावर कलम केलेलीच मागा. आखूड काड्या छाटू नका, फूल त्यांच्यावरच येतं. तिसऱ्या वर्षी फळाची आशा धरू नका; जिथं ती चांगली येते तिथंही जास्त वर्षं लागतात.