बीएस्सी बायोलॉजी : पहिल्याच वर्षी रसायन आणि सांख्यिकी पक्की करावी, की मुलांना आधी रुळू द्यावं?

टिळकवाडीची मावशी, बेळगाव (धागाकर्ती)
भाची पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र) घेऊन पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी, झाली. नीटमधून जागा मिळेल असं दिसत नाही, म्हणून बीएस्सी. घरात चार दिवस एकच वाद चाललाय, सीबीझेड (रसायन, बॉटनी, झूलॉजी) घ्यायचं की बॉटनी सोडून बायोटेक. मी २२ वर्षं कॉलेजात जैवरसायन शिकवलं. माझं मत असं की तिसऱ्या विषयाच्या नावावर एवढी डोकेफोड नको. कशानंतर काय शिकायचं, ते आधी ठरवा.

रसायन कुठल्याही परिस्थितीत सोडू नये. डीएनएचे दोन धागे जोडणाऱ्या जोड्यांत ग्वानिन-सायटोसिनमध्ये (जीसी) तीन हायड्रोजन बंध, अडेनिन-थायमिनमध्ये दोन. हे ज्याला उमगलं त्याला जीसी जास्त असलेला डीएनए उलगडायला जास्त तापमान का लागतं, पीसीआरचं (डीएनएच्या नकला काढायच्या पद्धतीचं) तापमान का बदलावं लागतं, हे आपोआप कळतं. ज्याला उमगलं नाही तो तेच तीन वेळा, तीन वेगळ्या पेपरांसाठी पाठ करतो. अशी शेकड्यांनी मुलं मी पाहिली आहेत आणि वाईट वाटायचं, कारण ती मेहनती होती.

दुसरी गोष्ट सांख्यिकी. अनुवंशशास्त्राचा पाया घालणाऱ्या मेंडेलने गोल की सुरकुतलेले, पिवळे की हिरवे असे वाटाणे मोजले. चार प्रकारांचे आकडे ३१५, १०१, १०८ आणि ३२, एकूण ५५६. त्याच्या नियमाच्या ९:३:३:१ प्रमाणाने अपेक्षित होते ३१२.७५, १०४.२५, १०४.२५ आणि ३४.७५. हा फरक योगायोगाचा की नियमच चुकीचा? काय-स्क्वेअर (मिळालेले आणि अपेक्षित आकडे किती लांब आहेत ते सांगणारी संख्या) काढला की ०.४७ येतो, आणि मर्यादा आहे ७.८१; त्याच्या आत असला की फरक योगायोगाचा धरतात. म्हणजे नियम टिकतो. एवढं गणित पहिल्या सेमला आलं तर पुढची अनुवंशशास्त्राची दोन वर्षं सोपी जातात. कॉलेजात तसा पेपर नसला तर स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर करा, पण करा.

खानापूरकर
मॅडम, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, हे पटत नाही. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. पीयूसीत कसंबसं इंग्रजी धरलं. डिग्रीच्या पहिल्या सेमला सकाळची बस चुकली की प्रॅक्टिकल गेलं, आणि प्रॅक्टिकल गेलं की जर्नल अपुरं. रसायनात बॅक राहिला, कारण प्रश्नच कळला नव्हता. उत्तर येत होतं ओ! आमच्या तालुक्यातल्या पोरांना पहिलं वर्ष पुस्तक वाचता येण्यासाठी लागतं. त्यात वर सांख्यिकी टाकली तर निम्मी पोरं घाबरून बी.ए.ला जातील. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट असतो, तेव्हा शिकू द्या की.

टिळकवाडीची मावशी
बसचं आणि भाषेचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, ते मी कमी लेखत नाही. पण तिसऱ्या वर्षी उशीर होतो. मुलं तीन कुंड्यांत खत घालतात, तीन कुंड्या बिनखताच्या, आणि मोजमाप झाल्यावर माझ्याकडे येऊन विचारतात, "मॅडम, आता कुठली टेस्ट लावू?" तेव्हा सांगावं लागतं की बाळा, एवढ्या कुंड्यांवर काही ठामपणे म्हणता येणार नाही. किती कुंड्या घ्यायच्या हे बी पेरायच्या आधी ठरतं. शिवाय आयआयटीत एमएस्सीसाठी जी जॅम परीक्षा असते, तिच्या बायोटेकच्या पेपरात बारावीच्या पातळीचं रसायन, गणित, भौतिकशास्त्र विचारतात. दोन वर्षं गणिताला हात लावला नाही तर ते दार आपणच लावून घेतलं.

निपाणीचा पालक
आमच्याकडे वेगळाच घोळ आहे. कर्नाटकाने २०२४-२५ पासून डिग्री परत तीन वर्षांची केली. आणि निपाणीला खेटून अर्जुननगरला देवचंद कॉलेज, ते कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाचं. तिकडे चार वर्षांच्या ऑनर्सची वाट आहे. पोरगं रस्ता ओलांडलं की अभ्यासक्रमच बदलतो. क्रम ठरवायचा तर आधी कुठलं विद्यापीठ बघायचं?

टिळकवाडीची मावशी
दादा, एमएस्सी धरली तर हिशेब सारखाच. इकडे तीन अधिक दोन, तिकडे चार अधिक एक. दोन्ही विद्यापीठांचे सहाही सेमचे पेपर शेजारी ठेवून बघा. मधेच बदली घ्यायचा विचार मात्र नको, पेपर जुळत नाहीत आणि वर्ष वाया जातं.

लॅबवाला, उद्यमबाग
मी सहा वर्षं मायक्रोबायोलॉजीची कामं करतोय. मॅडमचा क्रम चांगला, पण कागदावरचा. बायोटेक घ्यायच्या आधी त्या कॉलेजची लॅब डोळ्यांनी बघा. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) चालतो का? लॅमिनार (गाळलेल्या स्वच्छ हवेत काम करायचं कपाट) खरंच वापरतात की वर कापड टाकून ठेवलंय? डीएनएचे तुकडे वेगळे करायचं जेल मुलं स्वतः ओततात की सर लांबून दाखवतात? माझ्या वेळी सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून घटक वेगळे करायचं यंत्र) कुलपात होतं, तिन्ही वर्षं. पहिल्या नोकरीत जंतू वाढवायची अगर प्लेट ओतताना हात थरथरले. लॅब नसेल तर साधं सीबीझेड बरं, निदान मायक्रोस्कोप तरी हाताला लागतो.

जांबोटीचा
कुणीच बाहेर पडायचं नाव घेत नाही. भीमगड अभयारण्य खानापूर तालुक्यातच आहे, २०११ साली जाहीर झालं. तिथल्या बारापेडे गुहांतलं रॉटनचं वटवाघूळ शंभराहून जास्त वर्षांपूर्वी शास्त्राला पहिल्यांदा इथूनच कळलं. आमची मुलं मात्र प्राणिशास्त्रात चांगले मार्क घेऊन बाहेर पडतात आणि परसातलं झाड ओळखत नाहीत. पहिल्या वर्षी वनस्पती, पक्षी, कीटक ओळखणं. मोजण्याजोगं काय आहे ते दिसलं की आकडेमोड आपोआप हवीशी वाटते. त्यासाठी बॉटनी हवीच, ती सोडून बायोटेक घेणं मला तरी पटत नाही.

खानापूरकर
जांबोटीचे बरोबर बोलले. आमच्या पोरांना जांभूळ, किंजळ, ऐन घरात शिकवलेलं असतं, तिथनं सुरुवात केली तर भीती जाईल. मॅडम, एक विचारतो. ते मेंडेलचं गणित तुम्ही वर मराठीत सांगितलं, ते मला पहिल्यांदा कळलं. डिग्री होऊन आठ वर्षं झाली. हेच कॉलेजात कुणी असं सांगितलं असतं तर? तरीपण पहिल्या सेमला नको. दिवाळीनंतर ठेवा.

टिळकवाडीची मावशी
दिवाळीनंतर म्हणजे दुसरं सेम. त्याला माझी हरकत नाही, तिसऱ्या वर्षाला आहे. आणि जांबोटीच्या दादांचं वाचून भाचीने बॉटनी ठेवलीय, आज फॉर्म भरला. काय-स्क्वेअर पायरीपायरीने मराठीत लिहून रविवारी इथेच टाकते. तुमच्याकडच्या मुलांना दाखवा आणि कुठे अडतात ते कळवा.