पुन्हा: पाडवा अंकाचं बिल – मार्च, एप्रिल की मे?

प्रेषक: छापखाना, रामबाग

नमस्कार मंडळी,
मंडळाच्या पाडवा अंकाच्या छपाईचं बिल खजिनदार काकांनी परत पाठवलंय. चेक मे महिन्यात निघेल, म्हणून बिलावर १ मे टाका म्हणतात. अंक १७ मार्च २०२५ ला पोचले, बिल १० एप्रिलचं आहे. रंगीत पानं ऐन वेळी वाढली आणि दर ठरायला वेळ गेला, हे संपादक समितीला ठाऊक आहे. माझी वही मर्कंटाइल पद्धतीची आहे (पैसे केव्हाही येवोत, काम झालं की नोंद), तारीख बदलता येत नाही. पुस्तकं सीएकडे जायची आहेत, तर आजच कळवा.

प्रेषक: खजिनदार

रकमेबद्दल तक्रार नाही. मंडळाचा हिशेब रोखीचा आहे. पैसा ज्या दिवशी जातो त्या दिवशी खर्च पडतो. मार्चचं काम, एप्रिलचं बिल आणि मेचा चेक असं दिसलं की सर्वसाधारण सभेत प्रश्न येतात आणि उत्तरं मला द्यावी लागतात. बिलं कशी स्वीकारायची हे कोषाकडेच राहू द्यावं.

प्रेषक: करसल्लागार, लोकमान्य नगर

काका, मंडळाने खर्च मे मध्ये दाखवावा, त्याला कोणाची हरकत नाही. पण तुमची पद्धत छापखान्याला लागू होत नाही. एकट्या मालकाची फर्म असली तरी मर्कंटाइल एकदा धरली की काम पुरं झालं त्या वर्षात उत्पन्न. अंकाचे ६४,००० रुपये २०२४-२५ या आर्थिक वर्षातच येणार, मग बिल एप्रिलचं असो की मेचं.

१ मे टाकल्याने खरी अडचण जीएसटीत होते. मजकूर मंडळाचा, कागद छापखान्याचा, त्यामुळे ही छपाई सेवा धरली जाते. सेवेचं बिल काम झाल्यापासून ३० दिवसांत करायचं असतं, म्हणजे १६ एप्रिलपर्यंत. १० एप्रिलचं बिल मुदतीत बसतं आणि कर एप्रिलच्या थ्री-बी मध्ये (जीएसटी भरण्याचं विवरणपत्र) जातो. १ मे टाकलंत की मुदत हुकली. मग कराची तारीख मागे सरकून १७ मार्च होते आणि मार्चचा कर उशिरा भरल्याचं १८ टक्के दराने व्याज लागतं. ते छापखान्याच्या माथी का?

छापखानेवाले दादा, मंडळाकडून फेब्रुवारीत ॲडव्हान्स घेतलेले २०,००० तेव्हा उत्पन्न नव्हते, देणं होतं. सेवेच्या ॲडव्हान्सवरचा जीएसटी मात्र फेब्रुवारीतच लागू झालाय. आता ३१ मार्चची जर्नल एंट्री अशी करा: मंडळाचा ॲडव्हान्स नावे २०,०००, बिल न केलेली येणी नावे ४४,०००, छपाई उत्पन्न जमा ६४,०००. सगळे आकडे जीएसटी सोडून.

१ एप्रिलला हीच एंट्री उलटी मारा. हे राहिलं तर १० एप्रिलचं सेल्स व्हाउचर टॅलीत पुन्हा ६४,००० विक्री जमा करेल आणि एकाच अंकावर दोन वर्षं कर भराल. जीएसटीआर-वन (विक्रीचं विवरणपत्र) मध्ये ॲडव्हान्स तक्ता ११ए मध्ये दाखवला असेल, तर एप्रिलमध्ये ११बी मध्ये तो वळता करायला विसरू नका.

नफा-तोटा पत्रकातली विक्री आणि वर्षभरच्या थ्री-बीची बेरीज यांत या अंकापुरता फरक ४४,००० चा येईल, ६४,००० चा नाही. वीस हजार फेब्रुवारीत आधीच गेलेत. हा मेळ एका कागदावर मांडून फाइलला लावा.

प्रेषक: जॉबवर्क, सांवेर रोड

मार्चचं उत्पन्न मार्चमध्ये हे बोलायला सोपं आहे. पीथमपूरच्या कारखान्याचं काम मार्चमध्ये संपतं, ते बिल एप्रिलमध्ये चढवतात, टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला आयकर) एप्रिलमध्ये कापतात. म्हणजे उत्पन्न या वर्षी आणि २६एएस (कापलेल्या कराचं आयकर खात्याचं पत्रक) मधला आकडा पुढच्या वर्षी. म्हणून इथे बरेच जण ते बिल सरळ पुढच्या वर्षी धरतात.

प्रेषक: करसल्लागार, लोकमान्य नगर

तसं धरू नये. कारखान्याला सांगा, तुमच्या कामाची ३१ मार्चची तरतूद करून टीडीएस मार्चमध्येच कापा. मार्चमध्ये कापलेला टीडीएस भरायला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते, अजून तीन दिवस आहेत. नाहीच जमलं तर उत्पन्न याच वर्षी दाखवा आणि टीडीएस कापल्यावर फॉर्म ७१ भरा, म्हणजे तो याच वर्षाच्या उत्पन्नाला धरला जाईल. ज्या वर्षात कापला ते संपल्यापासून दोन वर्षांत भरता येतो.

प्रेषक: स्टेशनरी, राजवाडा

एवढं कशाला? आयकराचं कलम ४४एडी घ्या, नफा जमेच्या ठरावीक टक्क्यांनी धरायचा. डिजिटल जमेवर ६ टक्के, रोखीवर ८. पुस्तकांची कटकटच नाही.

प्रेषक: करसल्लागार, लोकमान्य नगर

उलाढाल कुठल्या वर्षाची, हा प्रश्न तिथेही सुटत नाही. शिवाय एकदा घेऊन पाच वर्षांच्या आत सोडलं तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही. दादांचा कागद, शाई, विजेचा खर्च वजा जाता खरा नफा किती उरतो, ते बघून मग ठरवावं.

प्रेषक: छापखाना, रामबाग

एंट्री केल्या. उरलेला कागद खरेदी किमतीने अखेरच्या साठ्यात धरला, मार्चच्या विजेची तरतूद केली. घरखर्चाला काढलेले पैसे आणि एलआयसीचा हप्ता ड्रॉइंगमध्ये (मालकाने स्वतःसाठी काढलेली रक्कम) टाकले. बाइंडिंगवाल्याचे ९,००० राहिलेत. काम १६ मार्चला मिळालं, ऑर्डरवर दोघांच्या सहीने ३० दिवसांची मुदत लिहिली आहे. तो उद्यममध्ये (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला आहे.

प्रेषक: खजिनदार

१० एप्रिलचं बिल स्वीकारतो. त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि अंक पोचवल्याच्या चलनाचा नंबर लिहून द्या, म्हणजे सभेत दाखवता येईल. चेक मेच्या पहिल्या आठवड्यात.

प्रेषक: करसल्लागार, लोकमान्य नगर

दादा, बाइंडिंगची मुदत १५ एप्रिलला संपली. लेखी मुदत नसती तर १५च दिवस मिळाले असते, आणि ४५ दिवसांची कमाल मर्यादा लेखी मुदत तेवढी असेल तरच. सूक्ष्म उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, म्हणून आयकराच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे हे ९,००० या वर्षी वजा होणार नाहीत. पुस्तकात खर्च राहू द्या, पण आयकराच्या गणनेत ते नफ्यात परत मिळवा. ज्या वर्षी द्याल त्या वर्षी वजावट मिळेल. रिटर्नच्या तारखेआधी दिले तर चालतं, ही बँकेच्या व्याजाला मिळणारी सवलत इथे नाही. कागदवाला निव्वळ व्यापारी असेल तर त्याला हे कलम लागत नाही. बाइंडिंगवाल्याला मात्र मंडळाच्या चेकची वाट न बघता देऊन टाका. उशिराबद्दल त्याला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं, आणि ते व्याज खर्च म्हणून कधीच वजा होत नाही.