ध्यानाला बसलं की पायाला मुंग्या आणि डोक्यात फायली: नेमकं कुठं चुकतंय?

मांजराकाठ (लातूर)
रोज पहाटे वीस मिनिटं बसतो. दहाव्या मिनिटाला डावा पाय बधिर होतो, आणि तोवर डोक्यात कालच्या फायली सुरू झालेल्या असतात. पतंजलींच्या योगसूत्रांतलं 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः' म्हणजे विचार थांबवणंच ना? मग ते थांबवायचे कसे? शिवाय आता ऊन ४२ च्या पुढं चाललंय. या दिवसांत कोणता प्राणायाम करावा, कोणता टाळावा? नोकरी सांभाळून जमेल असंच सांगा.

गोदातीर (पैठण)
आधी बैठक नीट करा, बाकीचं नंतर. सपाट सतरंजीवर मांडी घातली की बहुतेकांचे गुडघे कमरेच्या वर राहतात. मग कंबर मागं कलंडते, पाठीला पोक येतं आणि सगळा भार मांडीच्या मागच्या नसांवर पडतो. मुंग्या येतात त्या तिथून.

घोंगडीची घडी घाला. बसल्यावर दबूनही तीन-चार इंच उंची उरली पाहिजे. घडीच्या मधोमध बसू नका, पुढच्या काठाशी बसा म्हणजे मांड्या आपोआप उतरत्या होतात. पाय एकावर एक चढवू नका, एक पाऊल दुसऱ्याच्या पुढं, दोन्ही जमिनीवर. एखादा गुडघा अधांतरी राहिला तर त्याखाली पंच्याची घडी सारा. पद्मासनाचा हट्ट तर मुळीच नको. खुब्याचा सांधा फिरला नाही की तो पीळ गुडघ्यात उतरतो, आणि गुडघा त्यासाठी घडलेला नाही.

पण उंचीलाही मर्यादा आहे. ज्ञानोबांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसनाचा हा बारकावाही सोडलेला नाही: आसन फार उंच झालं तर अंग डोलतं, फार खाली गेलं तर भूमिदोष लागतो. पतंजलींचं 'स्थिरसुखमासनम्' (२.४६) सगळ्यांना पाठ असतं, पुढचं सूत्र मात्र वाचलं जात नाही. त्यात उपाय दिलाय, प्रयत्नशैथिल्य, म्हणजे अंगाचा ताण सैल सोडणं. बसल्यावर जबडा, खांदे आणि पोट या तीन जागा एकदा तपासून सैल सोडा.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)
निरोधाबद्दल. सूत्रांत पाच वृत्ती, म्हणजे चित्ताच्या हालचाली, सांगितल्यात: प्रमाण (खरं ज्ञान), विपर्यय (चुकीचं ज्ञान), विकल्प (नुसती शब्दांची कल्पना), निद्रा, स्मृती. झोपसुद्धा वृत्तीच आहे, म्हणजे डोकं सुन्न होणं हा निरोध नव्हे. विचार दाबायला गेलात की दाबणारा आणखी एक विचार तयार होतो. पतंजली साधनं दोनच सांगतात, अभ्यास आणि वैराग्य (१.१२), आणि अभ्यास पक्का व्हायला अटी तीन: दीर्घकाळ, खंड न पडता, आदरानं (१.१४). रविवारी तासभर आणि एरवी काहीच नाही, यापेक्षा रोजची बारा मिनिटं बरी.

एकनाथ महाराजांची कथा आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. देवगडावर, म्हणजे देवगिरीच्या किल्ल्यावर, हिशेबात एका पैची चूक शोधत ते रात्रभर बसले, आणि ती सापडल्यावरचा आनंद पाहून त्यांचे गुरू जनार्दनस्वामी म्हणाले की हेच चित्त भगवंताकडं लाव. मला ही कथा धारणेचा, म्हणजे चित्त एका जागी बांधण्याचा, पाठ वाटते. एकाग्रता त्यांच्यात आधीच होती, फक्त विषय बदलायचा होता. फायलीत तुमचं मन रमतं, म्हणजे तुमच्यातही ती आहे.

म्हणून बसण्याआधी आजची अडलेली कामं कागदावर उतरवून काढा, दोनच मिनिटं. मग श्वास आत घेताना 'राम कृष्ण', सोडताना 'हरि'. मन गेलेलं कळलं की स्वतःला न रागावता पुढच्या श्वासापासून पुन्हा धरा. गीतेतला ६.२६ हा श्लोक नेमकं हेच सांगतो: जिथं जिथं जाईल तिथून तिथून परत आणा. वीस मिनिटांत चाळीस वेळा आणावं लागलं तरी तो अभ्यासच झाला.

अंबानगरी (अंबाजोगाई)
श्वास सोडण्यावर भर द्या, १.३४ सूत्राचा रोख तिकडंच आहे. चार आकड्यांत घ्या, आठात सोडा, रोखू नका. अशी पंधरा आवर्तनं म्हणजे तीन मिनिटं. पुढचा श्वास घाईनं, घोट घेतल्यासारखा आत आला तर आठ झेपत नाहीत असं समजा आणि सहावर या. १:४:२ चा कुंभक (एक पट घेणं, चार पट रोखणं, दोन पट सोडणं) पुस्तक वाचून करू नका, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर नकोच.

एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास) आणि सूर्यभेदन (उजव्या नाकपुडीनं श्वास घेणं) बंद ठेवा, दोन्हींनी उष्णता वाढते. शीतली दहा-बारा वेळा: जीभ नळीसारखी वळवून तोंडानं श्वास घ्या, तोंड मिटून नाकानं सोडा. जीभ वळत नसेल तर दातावर दात टेकवून सीत्कारी. पण हे पहाटे, घरातच. नाकातली गाळणी इथं वापरात नसते, त्यामुळं दुपारच्या फुफाट्यात केलं तर धूळ थेट घशात जाते. सर्दी, दमा असणाऱ्यांनी करू नये.

सिंदफणा (बीड)
फायली आठवतात म्हणता, पण नीट पाहिलं तर फाईल आठवत नाही, त्या फाईलमागचा माणूस आठवतो. त्यासाठी १.३३ आहे: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता म्हणजे आनंद, वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा.

कचेरीत आपण जोड्या चुकवतो. सहकाऱ्याला बढती मिळाली तिथं मैत्री हवी, आपण धुसफुसतो. अनुदानासाठी चौथा खेटा घालणाऱ्या शेतकऱ्याला करुणा हवी, त्याला आपण उपेक्षा देतो. उपेक्षा म्हणजे तुच्छता नव्हे, डोळेझाकही नव्हे. खोट्या बिलावर सही करायची नाही, पण तो माणूस घरी, देवघरात सोबत आणायचा नाही. रात्री झोपताना दिवसभरातली चार माणसं आठवून कोणाला कोणती भावना दिली एवढंच पाहा. पहाटेची बैठक आदल्या दिवशीच बिघडलेली असते.

मांजराकाठ
ब्राह्ममुहूर्तच धरावा का? आणि बसताना मुंग्या आल्याच तर?

गोदातीर
ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी ९६ मिनिटांनी लागतो आणि ४८ मिनिटं असतो. मे महिन्यात लातुरात साधारण सव्वाचार ते पाच. रात्री बाराला झोपून चारला उठाल तर ध्यानाऐवजी डुलक्याच येतील. दहाच्या आत झोपता येत नसेल तर सहाला बसा, वेळ मात्र रोज तीच ठेवा.

मुंग्या आल्या तर सावकाश पाय बदला आणि जप सुरू ठेवा. उठताना आधी दोन्ही पाय लांब करून घोटे दहादा फिरवा, पोटऱ्या चोळा. बधिर पायावर एकदम उभं राहिलं की पाऊल मुडपतं.