माल खपतो, पण पैसे कधी येतात?
'ज्या कंपनीचा माल आपण रोज बघतो, वापरतो, तिचाच शेअर घ्यावा' हा नेहमी दिला जाणारा सल्ला मला अर्धाच पटतो. सांगलीत माझं शेतीसाहित्याचं दुकान आहे. एका कंपनीचा माल हातोहात जायचा, त्या भरवशावर तिचे शेअर घेतले. विक्री वाढत होती, नफाही दिसत होता, तरी तीन वर्षांत भाव निम्म्याखाली आला. कारण माझ्याच उधारीच्या वहीत होतं. शेतकरी माल आज नेतो, पैसे ऊसबिल आलं की देतो आणि मीही कंपनीला तेव्हाच देतो. साखर कारखान्याने एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) १४ दिवसांत द्यायची असा नियम आहे. ती लांबली की पुढची सगळी उधारी लांबते. कंपनी मात्र बिल फाडलं की, पैसे हातात यायच्या आधीच, विक्री धरते. म्हणून आता नफ्याआधी मी वार्षिक अहवालातलं रोख प्रवाहाचं पत्रक उघडतो. धंद्यातून आलेली रोकड सलग काही वर्षं नफ्यापेक्षा फार कमी असेल, तर तो शेअर सोडून देतो. (बँकांचा धंदाच पैशांचा, म्हणून त्यांना ही कसोटी लावू नका.)

आणि प्रवर्तकांचे (कंपनीच्या मुख्य मालकांचे) शेअर कर्जासाठी तारण आहेत का, तेही बघाच. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत कंपनीला भागधारणेचा (कोणाकडे किती शेअर आहेत त्याचा) तक्ता द्यावा लागतो, त्यात हा आकडा असतो. बीएसई-एनएसई या शेअर बाजारांच्या साइटवर फुकट दिसतो. भाव पडला आणि प्रवर्तकाने जादा तारण दिलं नाही, तर कर्ज देणारा ते शेअर बाजारात विकू शकतो.