आमची तालीम, आमचं शाहू स्टेडियम : तुमच्या आठवणी लिहा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की कोल्हापुरात फुटबॉलची एकच चौकशी सुरू होते, "मॅचा कधी?" मी गेली अकरा वर्षं पुण्यात आहे, तरी त्या दिवसांत माझा जीव दुपारी दोनला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसतो. म्हणून हा धागा. आयएसएल, आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धांबद्दल इतरत्र भरपूर लिहिलं जातं. इथं आपल्या पेठांच्या संघांबद्दल लिहूया. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी, संध्यामठ, जुना बुधवार, जो तुमचा असेल तो.

सुरुवात माझ्यापासून. लहानपणी मला कोडं पडायचं की फुटबॉलच्या संघाला 'तालीम' का म्हणतात. आजोबांनी सांगितलं ते असं : राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठेपेठेतल्या तालमींना बळ मिळालं. पुढं त्याच तालमींतली पोरं आखाड्यातून उठून चेंडूमागं धावायला लागली. नाव तालमीचंच राहिलं. 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, स्थापन झाली. आजही लीग तीच भरवते. खेळाडू गल्लीतला, वर्गणी गल्लीची, आणि हरलं तर सुतकही गल्लीलाच.

आता तुम्ही लिहा. लांबी-रुंदीचं बंधन नाही.

रविवार पेठ, वय 71

नातवाला सांगून टाइप करून घेतोय. तुम्ही स्टेडियम म्हणता ती जागा म्हणजे रावणेश्वराचं तळं. आमचे वडील तळ्याच्याच गोष्टी सांगायचे. तिकडं गांधी मैदानही वरुणतीर्थाचं तळंच. कोल्हापूरनं तळी बुजवली आणि त्यांवर पोरं खेळवली. पण पाणी जागा विसरत नाही. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साठतंच, आणि ते ओसरलं की घाण वासात, चिखलात आम्ही सराव करायचो.

मी बॅकला खेळायचो. बूट संघात चार-पाच जोड, ते मोठ्या खेळाडूंना. बाकीच्यांनी घोट्याला पट्टी गुंडाळायची आणि अनवाणी उतरायचं. बॉल चामड्याचा, आत ब्लॅडर. तो फुगवून तोंड वादीनं आवळायचं. ओला झाला की दगड. हेडिंग करताना वादीची बाजू कपाळावर आली तर वळ उठायचा, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तो वळ आम्ही मेडलसारखा मिरवायचो.

एक सांगतो. उपांत्य सामना होता, समोर आमच्याच पाहुण्यांची तालीम. शेवटच्या पाच मिनिटांत गोलकीपर पुढं आला, चेंडू त्याच्या डोक्यावरनं गेला, मी गोलरेषेवरनं काढला आणि तिथंच खाली पडलो. टायब्रेकरवर जिंकलो. रात्री तालमीत गेलो तर वस्ताद काही बोलले नाहीत. कोपऱ्यातली दुधाची चरवी उचलून माझ्या हातात दिली. ते दूध पैलवानांसाठी असायचं. पन्नास वर्षं होऊन गेली, त्या दुधाची चव अजून जिभेवर आहे.

माहेर शिवाजी पेठ, सासर मंगळवार पेठ

माझं काय होत असेल याची कल्पना करा! मॅचच्या दिवशी भाऊ आमच्या दारावरून जातो, पण चहाला आत येत नाही. निकाल लागला की मग येतो. हरलेला असला तर दोन दिवसांनी.

मला लिहायचंय ते वेगळंच. काही वर्षांपूर्वी आमच्या संघानं नायजेरियाचा एक खेळाडू आणला. त्याची खोली आमच्या समोरच. पहिले आठ दिवस पोरगा ब्रेड-अंडी खाऊन होता. सासूबाईंना ते बघवेना. "लेकरू परमुलखातलं, उपाशी खेळवताय व्हय?" म्हणून त्यांनी रविवारी तांबडा-पांढरा पाठवला. तांबड्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पांढरा मात्र त्यानं वाटीला तोंड लावून प्यायला. त्यानंतर सीझनभर दर रविवारी पांढऱ्याचा डबा त्याचा. मला "वैनी" म्हणायचा. गावी परत जाताना सासूबाईंच्या पाया पडला. यंदा सासूबाई नाहीत. मॅचा सुरू होतील तेव्हा ही गोष्ट कुणीतरी सांगावी, म्हणून मीच सांगितली.

शिवाजी पेठ

सगळे गोड लिहितायत, मी थोडं कडू लिहितो. हुल्लडबाजी. एका फायनलला पेनल्टीवरून वाद झाला, पायऱ्यांवरनं बाटल्या आल्या, मग दगड. माझ्या धाकट्या भावाच्या भुवईला सहा टाके पडले. दगड कुठल्या बाजूनं आला हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही, कारण आमच्या बाजूनंही गेलेच होते. त्या दिवसानंतर आईनं त्याला स्टेडियमची पायरी चढू दिली नाही. चांगला विंगर होता. ईर्षा हवीच, ईर्षेशिवाय पेठेचा फुटबॉल नाही. पण ती चेंडूवर काढा, एवढं कळकळीनं सांगतो.

इल्फर्ड, लंडनच्या पूर्वेला

मूळचा फुलेवाडीचा. इथं शनिवारी मी मोठ्या लीगबाहेरच्या छोट्या क्लबांच्या मॅच बघत हिंडतो. तिकीट स्वस्त, कठड्याला टेकून उभं राहायचं, खेळाडू दिवसा नोकरी करणारे. मला ते लगेच ओळखीचं वाटलं.

घराजवळच क्रिकलफील्ड नावाचं साधं मैदान आहे. 31 जुलै 1948 ला ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सशी इथंच खेळला. स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिंपिक. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. रामन यांनी बरोबरीचा गोल केला, आपल्या दोन पेनल्टी हुकल्या, 2-1 नं हरलो. वरती रविवार पेठेच्या आजोबांनी घोट्याच्या पट्टीबद्दल लिहिलंय, ते वाचून मी आज संध्याकाळी मुद्दाम तिथं जाऊन आलो. कुंपणाजवळ बराच वेळ उभा होतो. आजोबा, तुमचा नमस्कार तिथल्या गवताला पोचवला.

उपनगरातला एक बाप

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, डाव्या पायाचा. अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा हा चार वर्षांचा होता, तरी घरातला जल्लोष त्याला आठवतो म्हणतो. आमच्या शहरातला पोरगा, बाप रिक्षा चालवणारा, आणि भारताच्या पहिल्यावहिल्या फिफा विश्वचषकाच्या संघात! पण अनिकेतला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं, हेही लक्षात घ्या. आपल्याकडं प्रेक्षक आहेत, पेठांचा पैसा आहे, चषक आहेत. पोरांना रोज सकाळी खेळायला हिरवळीचं मैदान मात्र शोधावं लागतं. चषकांच्या बक्षिसातले थोडे पैसे तालमींनी चौदा वर्षांखालच्यांवर घालावेत, असं मला मनापासून वाटतं.

स्टेडियमच्या मागच्या गल्लीतून

मी खेळलो नाही. मैदानाच्या कामाला मदत करतो. सकाळी पाणी मारायचं, बारानंतर दोरी धरून रेघांची पांढरी फक्की टाकायची. आधी मधली रेघ, मग मधलं वर्तुळ, मग गोलपोस्टासमोरचा डी. एकटाच असतो तेव्हा. पायऱ्या रिकाम्या, कबुतरं फिरत असतात. साडेबाराला पहिली पोरं येतात, आपापल्या पेठेच्या पायऱ्या धरतात, आणि मला हाक मारतात, "काका, रेघ सरळ आली का?"

आज पाणी मारायला सुरुवात केली. गवत बरं आलंय यंदा. कोपऱ्यातले झेंडे धुऊन वाळत घातलेत.